पहिल्या सैनिकी परिचारिकांचा वॉर्ड प्रदर्शनात मांडायचाय : टेबलावर नेमकं काय ठेवावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुली जानेवारीच्या प्रदर्शनात ‘सैन्यातल्या पहिल्या परिचारिका’ हा विषय घेऊन राहिल्या आहेत. एक वर्गखोली मिळाली आहे, तिच्यात पहिल्या महायुद्धातला वॉर्ड उभा करायचा. सध्याची तयारी म्हणजे पांढरी साडी, छातीवर लाल क्रॉस आणि हातात दिवा. एवढ्यावर भागणार नाही हे कळतं, म्हणून जाणकारांना विचारतो.

आपल्याकडे हे केव्हा सुरू झालं? या बायांना सैन्यात शिकवायचे काय, परेड-बंदूक होती का? आणि युद्धात त्यांच्या हातून नेमकं कोणतं काम व्हायचं? खर्च दीड हजाराच्या आत बसवायचा आहे. बांबू, सळई, मांजरपाट गावातच मिळतं. तारखा पाठ नकोत, पण पाहणाऱ्यानं ‘हे असं का?’ म्हटलं तर पोरींना उत्तर देता आलं पाहिजे.

कामठीकर

सर, आधी साडी आणि क्रॉस काढा.

मार्च १८८८ मध्ये दहा प्रशिक्षित परिचारिका विलायतेहून मुंबईला उतरल्या, तिथून आपल्याकडची गोष्ट सुरू होते. त्यांच्या प्रमुखांपैकी कॅथरीन ग्रेस लॉक. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात घडलेल्या, इथं आल्यावर रावळपिंडीला नेमलेल्या. पण या सगळ्या आल्या त्या गोऱ्या शिपायांसाठी. हिंदी शिपाई आजारी पडला तर त्याच्या पलटणीचं स्वतःचं छोटं रुग्णालय असे आणि शुश्रूषेला पलटणीतलीच माणसं. हिंदी सैनिकांसाठी स्टेशन हॉस्पिटलं (पलटणीपलटणीची वेगळी न ठेवता अख्ख्या छावणीचं मिळून एक) १९१८ ला आली, आणि तिथं परिचारिकांची कायमची सेवा उभी राहिली १ ऑक्टोबर १९२६ ला : १२ मेट्रन, १८ सिस्टर, २५ स्टाफ नर्स. सगळ्या मिळून ५५! अख्ख्या हिंदुस्थानाला. अधिकाऱ्याचा दर्जा मिळायला १९४३ चा वटहुकूम यावा लागला, म्हणजे दुसरं महायुद्ध निम्मं उलटल्यावर.

म्हणून फलकावर ‘पहिली भारतीय परिचारिका’ आणि ‘पहिली सैनिकी परिचारिका’ यांची गल्लत होऊ देऊ नका. नर्सिंगच्या पुस्तकांत बाई काशीबाई गणपत यांचं नाव १८९१ साली शिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येतं. तो नागरी रुग्णालयाचा इतिहास आहे, लष्कराचा नाही. प्रदर्शनं पाहणारे परीक्षक नेमकं इथंच पकडतात.

पोशाख : १९१४ च्या ब्रिटिश लष्करी सिस्टरचा झगा राखाडी, वर पांढरा एप्रन, डोक्याला मागं पडणारा पांढरा रुमाल आणि खांद्यावर कोपरापर्यंत येणारी लाल आखूड केप. राखीव दलातल्या सिस्टरची केप राखाडी, तिला फक्त लाल काठ. उष्ण मुलखात झगा पांढरा. एप्रनवरचा मोठा लाल क्रॉस रेड क्रॉसच्या स्वयंसेविकांचा, त्या वेगळ्या. त्यांचं शिक्षण काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं आणि काम सिस्टरच्या हाताखाली. दोघी दाखवल्यात तर फरक आपोआप सांगता येईल.

कामठीची छावणी १८२१ ची आहे. नकाशा लावणार असाल तर तिच्यावर एक टाचणी खोचा, आपल्या मुलखाचं नाव दिसलं की पालक थांबतात.

वॉर्ड नंबर ७

परेड-बंदुकीचं आधी सांगते. लष्कर त्या काळी परिचारिका घडवत नव्हतं, घडलेली घेत होतं. नियम साधारण असा : वय २५ ते ३५, अविवाहित किंवा विधवा, मोठ्या नागरी रुग्णालयात तीन वर्षं काढल्याचा दाखला. नाइटिंगेलबाईंची १८६० ची शाळा एका वर्षाची होती. शतक संपता संपता मोठ्या रुग्णालयांत तीन वर्षांची चाल पडली. आपल्याकडं सरकारी शाळा मद्रासला १८७१ ची, मुंबईत कामा रुग्णालयात १८८६ पासून.

पहिल्या वर्षी हातात झाडू, फडकं, बेडपॅन. हसू नका. खाट कशी करायची यावर आठवडे जात, कारण चादरीला एक सुरकुती राहिली की चार दिवसांत कमरेवर व्रण. मग नाडी, श्वास, ताप चार-चार तासांनी कागदावर. दुसऱ्या वर्षी ड्रेसिंग आणि ऑपरेशनची खोली. तिसऱ्या वर्षी रात्रीचा अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर. लष्करात आल्यावर नवं एकच शिकायचं : शिपाई ऑर्डर्लींकडून (वॉर्डातल्या मदतनिसांकडून) काम करून घेणं, त्यांना शिकवणं. वॉर्डात सिस्टर एक आणि हात सगळे ऑर्डर्लींचे.

आता टेबल. हे सगळं गावात जमतं.

बँडेज : पातळ मांजरपाटाच्या पट्ट्या फाडा, कापू नका (फाडलं की धागा सरळ राहतो). बोटाला १ इंच रुंद, हाताला अडीच, पायाला ३ ते साडेतीन, पोट-छातीला ६. घट्ट गुंडाळी करा. सैल गुंडाळी पायावर चढवताना हातातून सुटते. ३८ ते ४० इंचांचा चौकोन तिरपा कापला की दोन त्रिकोणी झोळ्या निघतात.

हत्यारं उकळायचं भांडं : २० मिनिटं उकळी, लिटरभर पाण्याला १० ते २० ग्रॅम धुण्याचा सोडा. सोडा गंज धरू देत नाही. खारपाणपट्ट्यातली मंडळी पाणी उकळून पाहतील तर भांड्याला पांढरी खर धरते, तीच त्या हत्यारांवरही बसायची. सुरी मात्र उकळायची नाही, धार जाते; ती कार्बोलिक या जंतुनाशकात.

बाटल्या : कार्बोलिक २० भागांत १ (हत्यारांना), ४० भागांत १ (हातांना). तिसरी पाऱ्याच्या क्षाराची, १००० भागांत १. ही मुद्दाम निळी रंगवत, कारण दिसायला पाण्यासारखी आणि पोटात गेली तर विष. शिवाय धातूला खाते, म्हणून चिमटे तिच्यात टाकायचे नाहीत. तुम्ही तिन्हींत साधं पाणी भरा, एकात नीळ टाका. विषारी औषधाची बाटली कड्या-कड्यांची असे. रात्री अंधारात बोट फिरवलं तरी कळावं. तशी जुनी बाटली भंगारवाल्याकडं मिळाली तर सोन्याहून पिवळं.

खाटेच्या पायथ्याला रबरी पट्टा बांधून लोंबता ठेवा. हात-पाय कापलेल्या शिपायाच्या खाटेला टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) असाच टांगलेला असे. जखम कुजत गेली की आठ-दहा दिवसांनी शिरेचं तोंड उघडतं, बहुतेक वेळा रात्री, आणि पट्टा शोधायला वेळ मिळत नाही.

गरम पाण्याची पिशवी ठेवली तर तिच्यावर कापडी खोळ हवीच. रक्त गेलेल्या, थंड पडलेल्या माणसाला ऊब देताना उघडी पिशवी लावली तर कातडी भाजते आणि बेशुद्ध माणूस ओरडत नाही. नवशिकीची ठरलेली चूक होती ही.

जखमी माणसाच्या मनगटावर जांभळ्या पेन्सिलीनं ‘टी’ काढा. धनुर्वातावरचं सीरम (प्रतिविष) टोचलं ही खूण. कागद हरवतो, मनगट हरवत नाही.

खडूफळा

ताई, हे तर पाठ्यपुस्तकापेक्षा भारी झालं. दोन गोष्टी राहिल्या. जखमा कुजायच्या म्हणालात, त्यावर इलाज काय होता? आणि पाय मोडलेल्या शिपायाला लावायची लांब कांब चित्रात दिसते, ती बनवता येईल का?

वॉर्ड नंबर ७

कुजायचं कारण शेतकऱ्याच्या पोरींना लगेच कळेल. लढाई चालली होती फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत, आणि त्या मातीत शतकानुशतकं शेणखत पडलेलं. बॉम्बचा तुकडा अंगात शिरताना मातीनं माखलेल्या कपड्याची चिंधी आत घेऊन जातो. शेणखतात धनुर्वाताचे आणि गॅस गँग्रीनचे जंतू असतात, त्यांना हवा नको असते. खोल, बंद जखम म्हणजे त्यांचं घरच. त्याआधीच्या दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळावरच्या लढाईत जखमा इतक्या कुजल्या नव्हत्या. म्हणून सुरुवातीला टाके घालून जखम बंद करणारे डॉक्टर हात चोळत बसले. मग मेलेलं मांस कापून काढायचं, जखम उघडी ठेवायची आणि धुवायची, ही रीत आली.

धुवायला दोन पाणी प्रसिद्ध झाली. एक शल्यविशारद कॅरल आणि रसायनतज्ज्ञ डेकिन यांचं : सोडियम हायपोक्लोराइट ०.४५ ते ०.५ टक्के. त्याच्या खाली गेलं की उपयोग नाही, वर गेलं की कातडी जळते. इतकं अरुंद माप सांभाळायचं काम वॉर्डाचं. बाटली खाटेच्या वर साधारण मीटरभर टांगायची, तिच्यातून रबरी नळ्या जखमेच्या तळापर्यंत. नळीचं टोक बांधलेलं, बाजूला बारीक भोकं. दर दोन तासांनी चिमटा सोडून थोडं पाणी जाऊ द्यायचं, रात्रीसुद्धा. भोवतालच्या कातडीवर व्हॅसलीन लावलेली जाळी. जखमेतला नमुना काचपट्टीवर घेऊन जंतू मोजत, आकडा उतरला की मगच टाके.

बिघडायचं कुठं? एक, पाणी गरम केलं की क्लोरीन उडून जातो. दोन, नळी वर सरकली की खालचा कप्पा कोरडा राहतो आणि तिथंच पू साठतो. तीन, हे पाणी मेलेल्या मांसासोबत रक्ताची गुठळीही विरघळवतं, म्हणून वर टूर्निके सांगितला तो इथं कामी येतो. आणि चार, रात्री दोनची पाळी चुकवून कागदावर टिक मारली तर सकाळी जखमच चुगली करते.

सलाईनची जुनी बाटली, सायकलच्या व्हॉल्वची नळी, चिमट्याऐवजी कपडे वाळत घालायचा क्लिप. झाला नमुना. सुईनं भोकं पाडून पाण्यानं चालवून दाखवा.

दुसरं युसॉल, १९१५ ला एडिंबरोत निघालेलं : ब्लीचिंग पावडर १२.५ ग्रॅम, बोरिक अॅसिड १२.५ ग्रॅम, पाणी १ लिटर. हलवून काही तास ठेवायचं, गाळायचं, गडद बाटलीत भरायचं. आपल्या सरकारी दवाखान्यांत हे कालपरवापर्यंत होतं, गावातल्या कोणत्याही जुन्या सिस्टरला नाव विचारा. ब्लीचिंग पावडर म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल. पोतं उघडं राहिलं की उन्हाळ्याभरात तिचा जोर उतरतो, मग माप बरोबर असूनही पाणी निकामी. पोरींना हे करायला लावू नका. बंद खोलीत वास छातीत जातो, आणि कोणी हौशीनं संडास धुवायचं अॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायूच निघतो. पुड्या वजन करून दाखवा, बाटलीत साधं पाणी.

सळई-हातोडा

थॉमसची कांब सांगतो. ६ मिमी सळई, दोन उभ्या दांड्या, वरच्या टोकाला मांडीत अडकणारं तिरपं कडं, खालच्या टोकाला इंग्रजी डब्ल्यूसारखा वाक. वेल्डिंगवाला अर्ध्या तासात करून देईल. बाहेरची दांडी आतल्यापेक्षा लांब पाहिजे, कारण कडं तिरपं असतं. सरळ कडं केलं की परीक्षकाला सांगायला काही राहत नाही. कड्यावर जुन्या घोंगडीची पट्टी गुंडाळा आणि वरून रेक्झिन. खऱ्याला चामडं होतं.

का लावायची? मांडीचं हाड मोडलं की मांडीचे जबर स्नायू आखडतात, तुटलेली टोकं एकमेकांवर चढतात आणि आत रक्त साठत जातं. स्ट्रेचरवरच्या दर धक्क्याला टोक मांसात घुसतं. म्हणून कडं वर ढुंगणाच्या हाडाला टेकवायचं, पाय खाली ओढायचा आणि ओढलेला धरून ठेवायचा. मैदानावर बूट काढत नसत. बुटाभोवती पट्टीचा फास, तिची टोकं खालच्या वाकाला, मध्ये खिळा घालून पीळ द्यायचा. बैलगाडीवर कडब्याचे दोर आवळतो तसंच. पाय झोपवायला दांड्यांच्या मध्ये फ्लॅनेलच्या पाच पट्ट्यांचा पाळणा.

पोरींनी एकमेकींवर करायचं असेल तर पीळ देऊ नका, नुसतं बांधा.

वॉर्ड नंबर ७

भाऊंनी बरोबर सांगितलं. पुढं वॉर्डाचं काम : बोटं उघडी ठेवायची आणि तासातासाला पाहायची. निळी पडली, गार लागली, मुंग्या म्हणाला, की फास सैल. कड्याखालची कातडी रोज थोडी सरकवायची, नाहीतर जांघेत व्रण. टाच हवेत राहिली पाहिजे, टेकली की दोन दिवसांत काळी.

कामठीकर

कांबेमुळे मांडीच्या हाडाचे मृत्यू ८० टक्क्यांवरून २० वर आले, असा आकडा सगळीकडं फिरतो. फलकावर घालू नका. त्याच काळात लवकर ऑपरेशन, रक्त देणं, जखमी वेगानं मागं आणणं हेही सुधारलं. सगळं श्रेय सळईला देता येत नाही. ‘मृत्यू खूप कमी झाले’ एवढं पुरे.

आणि फक्त फ्रान्स दाखवू नका हो. हिंदी शिपाई सर्वात जास्त गेला मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. १९१५-१६ च्या हिवाळ्यात जखमींना नदीतल्या बोटींवर उघड्यावर कोंबून आणलं. बसऱ्याला आलेल्या एका बोटीच्या कडांना दोर लोंबताहेत असं डॉक्टरला वाटलं. जवळ आल्यावर कळलं ती हगवणीची वाळलेली घाण. पुढं चौकशी समिती बसली, १९१७ चा तिचा अहवाल आहे. बसऱ्याहून मुंबईला जखमी आणणाऱ्या इस्पितळ-जहाजांवर आणि मुंबई-पुण्याच्या युद्ध-रुग्णालयांत पाचशेच्या वर ऑस्ट्रेलियन परिचारिकाही होत्या.

खडूफळा

मेसोपोटेमियाचा एक कोपरा करूच. पण तिथं जखमांपेक्षा वेगळं काय दाखवायचं?

वॉर्ड नंबर ७

ऊन. विदर्भाच्या माणसाला यापेक्षा जवळचं काय सांगू! जुलै १९१७ ला तिथं पारा १२० फॅरनहाइटच्या वर गेला, म्हणजे ४९ सेल्सिअस. आपल्या रुग्णालयांत एप्रिल-मेला उष्माघात कक्ष लावतात, त्याचा जुना अवतार तिथं होता.

सुतळीची बाज मांडा. गादी नको, खालून वारा लागला पाहिजे. बाहुल्याला नुसतं ओल्या पातळ चादरीत गुंडाळा, शेजारी बर्फाची बादली, दोन मुली पंखा घेऊन. क्रम असा : कपडे काढायचे, चादर ओली करत राहायची, वारा घालायचा, हातपाय चोळत राहायचे. नुसता बर्फ लावून ठेवला की कातडीतल्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. चोळायचं ते यासाठी.

ताप काखेत पाहायचा नाही. ओल्या चादरीनं काख गार झालेली असते, थर्मामीटर १०० दाखवतो आणि आत माणूस १०८ वर जळत असतो. गुदद्वारातूनच पाहायचा, दर पाच मिनिटांनी. १०२ ला आला की गार करणं थांबवायचं. थांबल्यावरही तो आपोआप उतरत राहतो; ९८ ची वाट पाहत बसलात तर माणूस थंडगार पडून नाडी सुटते. चादर काढून कोरडं करायचं आणि पुढचे काही तास पाहत राहायचं, कारण पुन्हा चढतो.

दुसरी फसगत मलेरियाची. डोक्यात गेलेला मलेरिया हुबेहूब असाच दिसतो, तापानं बेशुद्ध. म्हणून रक्ताची काचपट्टी प्रत्येकाची, आणि शंका असली तर क्विनाइन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हीच गोष्ट स्क्रब टायफसची (झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप). २०१८ ला नागपूरकडं पसरला तोच. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. दोन आठवडे ताप, त्यात पाणी पाजणं, तोंड साफ ठेवणं, कूस बदलणं एवढंच हातात होतं. आता गोळी आहे.

बोरू

मधेच एक. प्रदर्शन जाहीर झालं की गावातून जुनी पदकं निघतील, तेव्हा माहीत असू द्या. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतात दिलेल्या पदकांवर नाव कोरलेलं असतं : गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. भिंगानं पाहा. ब्रिटनमध्ये दिलेली बहुतेक कोरीच. ब्रह्मदेशाचा तारा ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ मधल्या सेवेचा. पितांबरीनं घासू नका, कोरीव अक्षरं जातात. पदक ठेवून घेऊ नका, फोटो काढून परत करा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश परिचारिकांच्या सेवापुस्तिका लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३९९ या खणात आहेत.

खडूफळा

सगळं लिहून घेतलं. शेवटचं : दिवा ठेवू की काढू? मुलींचा जीव अडकला आहे त्यात.

कामठीकर

दिवा क्रिमियाच्या लढाईचा, १८५४ चा. तुमचा वॉर्ड साठ वर्षांनंतरचा. ठेवायचाच तर वेगळ्या कोपऱ्यात, आणि अल्लादिनचा नको. नाइटिंगेलबाईंच्या हातात होता तो तुर्की घडीचा कंदील, पितळी झाकण-बूड आणि मधे चुण्यांचं कापड. आकाशकंदील करणाऱ्या पोरींना तासाभराचं काम.

वॉर्ड नंबर ७

बाजेला मात्र तापाचा तक्ता टांगा, नमुना देते. आकडे फॅरनहाइटमध्येच लिहा आणि वर ‘नमुना’ असं स्पष्ट लिहा.

१२.१० – १०८.४, बेशुद्ध, कातडी कोरडी
१२.१५ – १०७.८, चादर, पंखा, चोळणं
१२.२० – १०६.६
१२.२५ – १०५.२, रक्ताची काचपट्टी घेतली
१२.३० – १०४
१२.३५ – १०३, हाक मारल्यावर डोळे उघडले
१२.४० – १०२, चादर काढली, अंग पुसलं
१२.५५ – १०१, घोटभर पाणी
१.१० – १००.४